कोडमध्ये चूक नाही, तरी प्रोग्राम बनत नाही: सी शिकताना छळणाऱ्या लिंकर एरर

"मॅडम, सगळे सेमीकोलन आहेत, कंस पण जुळलेत. तरी एरर येतेय. आणि लाइन नंबरच देत नाहीये!"

सी शिकायला सुरुवात होऊन तीन-चार आठवडे झाले, की प्रॅक्टिकलच्या तासाला हे वाक्य कुठल्या तरी बाकावरून येतंच. स्क्रीन न बघताच मला कळतं, की ही लिंकरची एरर आहे. गंमत अशी, की मुलाचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं. त्याच्या कोडच्या व्याकरणात चूक नसते. असती तर कंपायलरने तिथेच कान धरला असता, ओळीच्या नंबरासकट. गोष्ट लिंकरपर्यंत पोचली याचा अर्थ कंपायलरची परीक्षा पास झाली. म्हणून मेन फंक्शनमधल्या ओळी पुन्हापुन्हा तपासण्यात अर्धा तास घालवू नका. चूक शोधायची ती दोन ठिकाणी: नावांमध्ये, आणि कंपायलरला आपण कोणत्या फाइली दिल्या त्या यादीमध्ये.

(खालच्या कमांड आणि मेसेज उच्चाराप्रमाणे लिहिलेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आधी दोन मिनिटं, लिंकर करतो काय

आपण "जीसीसी मेन.सी" म्हणतो (जीसीसी म्हणजे सीचा एक कंपायलर) तेव्हा एक काम होतंय असं वाटतं, पण आत चार होतात. आधी प्रीप्रोसेसर हेडर फाइली उघडून कोडमध्ये चिकटवतो. मग कंपायलर त्या कोडचं असेंब्लीत रूपांतर करतो. असेंब्लर त्यातून ऑब्जेक्ट फाइल बनवतो, जिच्या नावाशेवटी .ओ असतं. आणि शेवटी लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी जोडून चालवता येईल असा प्रोग्राम तयार करतो.

कंपायलर एका वेळी एकच सी फाइल बघतो. शेजारच्या फाइलमध्ये काय आहे, त्याला ठाऊक नसतं. तुम्ही "इंट बेरीज(इंट, इंट);" अशी घोषणा केलीत, की तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. बेरीज नावाचं फंक्शन कुठेतरी असेल म्हणतो, ऑब्जेक्ट फाइलमध्ये तेवढी जागा रिकामी सोडतो आणि पुढे जातो. त्या रिकाम्या जागा भरणं लिंकरचं काम.

वर्गात मी पंगतीचं उदाहरण देते. घोषणा म्हणजे मांडलेला पाट, आणि फंक्शनचा खरा मजकूर म्हणजे त्यावर बसणारा माणूस. लिंकर पंगतीवरून नजर फिरवतो. पाट मांडलाय पण माणूसच नाही, तर "अनडिफाइन्ड रेफरन्स". एका पाटावर दोघं येऊन बसले, तर "मल्टिपल डेफिनिशन". सुरुवातीला भेटणाऱ्या बहुतेक लिंकर एरर या दोन तक्रारींत बसतात.

मेसेज कसा वाचायचा

जीसीसीवर साधारण असं दिसतं:

/टीएमपी/सीसी-काहीबाही.ओ: इन फंक्शन 'मेन':
मेन.सी: (.टेक्स्ट+०एक्स१ई): अनडिफाइन्ड रेफरन्स टू 'बेरीज'
कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस

मुलं शेवटची ओळ वाचतात, कारण एरर हा शब्द तिथे असतो, आणि तीच ओळ इंटरनेटवर शोधायला जातात. त्या ओळीचा उपयोग शून्य. एलडी हे लिंकरचं नाव, आणि तो एवढंच सांगतोय की "मला जमलं नाही". प्रत्येक लिंकर एररच्या शेवटी हीच ओळ येते, मग कारण कोणतंही असो. टीएमपीमधलं ते विचित्र नाव बघूनही दचकू नका. ती कंपायलरने तात्पुरती बनवलेली ऑब्जेक्ट फाइल असते, दर वेळी नाव वेगळं.

कामाची गोष्ट अवतरणचिन्हातलं नाव. इथे "बेरीज". त्याच्या अलीकडचं "इन फंक्शन मेन" सांगतं की कोणी हाक मारली. आणि लाइन नंबर हवाच असेल तर कंपाइल करताना -जी लावा. मग आकड्यांच्या त्या गिचमिडीऐवजी मेन.सी:७ असा सरळ नंबर मिळतो. फक्त लक्षात ठेवा, ही ओळ हाक मारण्याची आहे, चुकीची असेलच असं नाही.

व्हिज्युअल स्टुडिओत हीच तक्रार एलएनके२०१९ नंबराने येते, "अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल सिम्बॉल". मॅकवर "अनडिफाइन्ड सिम्बॉल्स फॉर आर्किटेक्चर" येतं आणि नावाच्या आधी एक अंडरस्कोअर चिकटलेला असतो. तो तुम्ही टाइप केलेला नाही, तिथली पद्धतच तशी आहे. भाषा वेगळी, दुखणं एकच.

नाव एक, स्पेलिंग दोन

सगळ्यात आधी स्पेलिंग बघा. सी भाषेत लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, त्यामुळे मोठा पी वापरून प्रिंटएफ लिहिलंत की लिंकर त्या मोठ्या पीवाल्याला शोधत बसतो आणि तो कुठेच नसतो. हे सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं.

पुस्तकांत नसलेला एक प्रकार आपल्याकडे फार होतो. मुलं फंक्शनला मराठी नावं देतात, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण इंग्रजी अक्षरांत "बेरीज" लिहिताना एकजण शेवटी जे लावतो आणि दुसरा झेड. "सरासरी"मध्ये एकदा दोन ए, एकदा एक. "वजाबाकी"ला कोणी डब्ल्यू, कोणी व्ही. दोघं मिळून प्रोजेक्ट करत असतील तर हे ठरलेलंच. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, म्हणून डोळ्याला चूक दिसत नाही. मेसेजमधलं नाव जसंच्या तसं कॉपी करा आणि सगळ्या फाइलींत शोधा. जिथे फंक्शनचा मजकूर लिहिलाय असं तुम्हाला वाटतंय तिथे शोध थांबला नाही, तर चोर सापडला.

"पण मग कंपायलरने का नाही पकडलं?" पकडलं होतं. जुन्या जीसीसीवर "इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन" अशी वॉर्निंग आली होती आणि ती वर सरकून गेली. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणाने (स्टँडर्डने) घोषणेशिवाय फंक्शन वापरायची मुभा काढून टाकली, तरी जीसीसी पुढे कित्येक वर्षं नुसती ताकीद देऊन सोडत होतं. २०२४ च्या जीसीसी १४ पासून ही सरळ एरर आहे. तुमच्याकडे जुनं असेल तर -डब्ल्यूऑल (डब्ल्यू मोठा) लावल्याशिवाय कंपाइल करू नका, आणि वॉर्निंग आधी वाचा. लिंकर एररचं कारण पुष्कळदा दोन ओळी वर वॉर्निंगमध्ये लिहिलेलं असतं.

फाइल कमांडमध्ये आलीच नाही

स्पेलिंग बरोबर निघालं तर पुढचा संशय हा. आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात.

प्रोग्राम तीन फाइलींत आहे असं धरू. मेन.सी मध्ये मेन, गुण.सी मध्ये सरासरी काढणारं फंक्शन, आणि गुण.एच मध्ये त्याची घोषणा. मेन.सी च्या डोक्यावर गुण.एच इन्क्लूड केलंय. मुलाची समजूत अशी, की हेडर घेतलं म्हणजे गुण.सी सुद्धा आपोआप आली. तसं काही नसतं. दोन्ही नावांत "गुण" आहे हा तुमचा-आमचा संकेत, कंपायलरला त्याचं सोयरसुतक नाही. हेडरने फक्त पाट मांडला. माणूस बोलवायचा तर त्याची फाइल कमांडमध्ये द्यावी लागते:

जीसीसी -डब्ल्यूऑल मेन.सी गुण.सी -ओ निकाल

हेडर फाइल कमांडमध्ये द्यायची नाही, सी फाइली सगळ्या द्यायच्या. झालं.

टर्मिनलवर हे समजायला सोपं जातं. खरी अडचण बटण दाबून प्रोग्राम चालवणाऱ्यांची, कारण बटणामागची कमांड दिसत नाही. व्हीएस कोडमध्ये त्रिकोणी बटण दाबलं की बहुतेक जणांच्या मांडणीत फक्त समोर उघडी असलेली फाइल कंपाइल होते. गुण.सी शेजारच्या टॅबमध्ये उघडी आहे म्हणून ती घेतली जात नाही. उपाय टास्क्स.जेसन या फाइलमध्ये आहे. ती डॉटव्हीएसकोड नावाच्या फोल्डरमध्ये असते. त्यात डॉलर आणि महिरपी कंसात "फाइल" असं लिहिलेलं एक आर्ग्युमेंट दिसेल. त्याच्या जागी "फाइलडिरनेम" घालून पुढे तिरपी रेघ आणि तारा.सी लिहा. मग त्या फोल्डरमधल्या सगळ्या सी फाइली एकत्र जातात. फोल्डरच्या नावात किंवा वाटेत कुठे मोकळी जागा असेल तर हा तारा कधीकधी चालत नाही, तेव्हा "सी प्रॅक्टिकल नवीन" अशी नावं नकोत.

हा उपाय केल्यावर दुसऱ्याच दिवशी मुलं परत येतात, "मॅडम, आता मल्टिपल डेफिनिशन ऑफ मेन येतंय." अर्थातच. वर्षभराची दहा प्रॅक्टिकल एकाच फोल्डरमध्ये, प्रत्येकात आपापलं मेन, आणि आता ती दहाही एकदम लिंकरसमोर उभी. दर प्रॅक्टिकलला वेगळा फोल्डर करा.

कोड::ब्लॉक्समध्ये फाइल नुसती उघडणं आणि ती प्रोजेक्टमध्ये असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डावीकडच्या प्रोजेक्टच्या झाडात नाव दिसलं पाहिजे. फाइल जोडताना डिबग आणि रिलीज अशा दोन चौकटी येतात, त्यात खूण न करता पुढे गेलात तर नाव झाडात दिसतं आणि तरीही फाइल लिंक होत नाही. यात माझाच एकदा अख्खा तास गेलाय, म्हणून सांगते. डेव्ह-सी++ मध्येही एकापेक्षा जास्त फाइली असतील तर आधी प्रोजेक्ट बनवावा लागतो.

मेन सापडत नाही, विनमेन सापडत नाही

विंडोजवर मिंगडब्ल्यू, म्हणजे विंडोजसाठीचं जीसीसी, वापरणाऱ्यांना "अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन" येतं आणि ते चक्रावतात. "मी विनमेन कुठे लिहिलंच नाही!" तुम्ही नाही लिहिलं. तुमचं मेन फंक्शन चालू करणारा एक छोटा तुकडा कंपायलरच प्रत्येक प्रोग्रामला जोडतो. त्याला मेन सापडलं नाही, की तो विंडोजच्या खिडकीवाल्या प्रोग्रामचा दरवाजा, म्हणजे विनमेन, शोधतो. तेही नाही, म्हणून तक्रार त्या नावाने. लिनक्सवर हीच तक्रार "स्टार्ट" नावाच्या फंक्शनकडून येते, तेही तुम्ही लिहिलेलं नसतं. दोन्हीचा अर्थ एक: तुमच्या कोडमध्ये मेन नाही.

आता मेन समोर दिसतंय तरी नाही म्हणतोय, याचं सगळ्यात सामान्य कारण इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो. फाइल सेव्ह केलेली नाही. व्हीएस कोडच्या टॅबवर नावाशेजारी फुलीऐवजी भरीव ठिपका दिसतोय? म्हणजे डिस्कवरची फाइल अजून रिकामी किंवा जुनीच आहे, आणि कंपायलर डिस्कवरची वाचतो, स्क्रीनवरची नाही. कंट्रोल-एस दाबा. एकदाच काय तो ऑटो सेव्ह चालू करून ठेवला तरी चालेल.

सेव्ह केलेलं असेल तर मेनचं स्पेलिंग बघा. घाईत ए आणि आय उलटे पडून "मिआन" होणं फार होतं. तेही नसेल, तर तुम्ही चुकून गुण.सी एकटीच कंपाइल करताय का? तिच्यात मेन नसणारच. नुसती ऑब्जेक्ट फाइल हवी असेल तर -सी लावा, मग लिंकरला बोलावलंच जात नाही.

वर्गमुळाचं प्रकरण

एसक्यूआरटी किंवा पॉव वापरलं, मॅथ.एच इन्क्लूड केलं, आणि लिनक्सवर अनडिफाइन्ड रेफरन्स आली. हेडर आहे, स्पेलिंग बरोबर, फाइल एकच. मग?

प्रिंटएफ, स्कॅनएफ वगैरे मंडळी सीच्या मूळ लायब्ररीत राहतात आणि ती दर वेळी आपोआप जोडली जाते. गणिताची फंक्शन लिनक्सवर वेगळ्या लायब्ररीत आहेत, लिबएम. ती मागून घ्यावी लागते:

जीसीसी मेन.सी -ओ वर्ग -एलएम

यात एल म्हणजे लायब्ररी आणि एम हे तिचं नाव. एल आहे, आकडा एक नाही. काही फॉन्टमध्ये दोन्ही सारखे दिसतात आणि फळ्यावर तर नक्कीच. -एलएम शेवटी लिहा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आणि लायब्ररी समोर येईल तेव्हा तोपर्यंत कोणाला काय हवंय ते बघून तेवढंच उचलतो. -एलएम आधी लिहिलंत तर तेव्हा कोणीच काही मागितलेलं नसतं. उबुंटूसारख्या ठिकाणी मग ती लायब्ररी "नको" म्हणून बाजूला ठेवली जाते, आणि पुढे मेन.ओ वर्गमूळ मागते तेव्हा मागे वळून बघायची लिंकरची पद्धत नाही.

या प्रकरणात मुलांचा विश्वास उडवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली: "काल चाललं होतं!" काल तुम्ही एसक्यूआरटी(२.०) लिहिलं होतं. आकडा आधीच माहीत असल्याने कंपायलरने स्वतःच उत्तर काढून कोडमध्ये बसवलं, फंक्शनला हाक मारलीच नाही. आज स्कॅनएफने घेतलेलं व्हेरिएबल दिलंत, आता प्रोग्राम चालताना खरं फंक्शन लागणार. दुसरी: "मित्राच्या लॅपटॉपवर चालतं!" त्याच्याकडे विंडोज किंवा मॅक असेल. तिथे गणिताची फंक्शन वेगळी मागावी लागत नाहीत. तिथे -एलएम लिहिलं तरी बिघडत काही नाही, म्हणून सवयच लावून घ्या.

थ्रेड वापरणाऱ्यांना पूर्वी असंच -पीथ्रेड लावावं लागे. २०२१ मध्ये जीलिबसीची, म्हणजे लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीची, २.३४ ही आवृत्ती आली तेव्हा ते सगळं मूळ लायब्ररीत घेतलं गेलं. गणिताचं बिऱ्हाड मात्र अजून वेगळंच आहे.

टर्बो सीचे अवशेष

टर्बो सी बोर्लंडने १९८७ मध्ये आणलं. त्याचं पुढचं रूप, निळ्या पडद्याचं टर्बो सी++, डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) घालून आपल्याकडे कित्येक लॅबमध्ये अजून चालतं. त्यावर माझं मत काय आहे ते मी इथे लिहीत नाही, नोकरी करायची आहे. पण त्याच्या सवयी जीसीसीवर आल्या की लिंकर एरर येतात.

नेहमीचा प्रकार क्लियरस्क्रीनचा, म्हणजे सीएलआरएससीआर. ते सीचं प्रमाण फंक्शन नाही, बोर्लंडचं आहे. मिंगडब्ल्यूच्या कोनिओ.एच मध्ये गेटसीएच आहे, पण हे नाही. लिनक्सवर तर कोनिओ.एच च नाही. तिथे मुलं हेडरची ओळ उडवतात, जुना कंपायलर वॉर्निंग देऊन गप्प बसतो, आणि लिंकर विचारतो हे सीएलआरएससीआर कोण. ती ओळ काढून टाका. प्रोग्रामला पडदा पुसायची गरज नसते. शेवटच्या गेटसीएचच्या जागी गेटचार वापरा, किंवा टर्मिनलमधून चालवत असाल तर तेही नको.

आणि टर्बो सीवरच काम करावं लागत असेल तर दोन एरर लक्षात ठेवा. ग्राफिक्सचा प्रोग्राम करताना "अनडिफाइन्ड सिम्बॉल इनिटग्राफ" आलं, तर ऑप्शन्समध्ये लिंकर, त्यात लायब्ररीज, तिथे ग्राफिक्स लायब्ररीवर खूण करा. दुसरी एरर सीझीरोएस.ओबीजे ही फाइल उघडता येत नाही अशी. मधला ओ नाही, शून्य आहे. प्रोग्राम सुरू करून देणारा तुकडा त्या फाइलमध्ये असतो. ऑप्शन्स, डिरेक्टरीज, आणि लायब्ररीच्या चौकटीत लिब फोल्डरचा खरा पत्ता द्या. कोणीतरी टर्बो सी एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी केलेलं असतं आणि पत्ता जुनाच राहिलेला असतो.

"फ्लोटिंग पॉइंट फॉर्मॅट्स नॉट लिंक्ड" हा मेसेजही तिथलाच. नावात लिंक असलं तरी तो प्रोग्राम चालताना येतो. तो आला तर मेनमध्ये एक फ्लोट व्हेरिएबल घेऊन त्याचा पत्ता दुसऱ्या पॉइंटरला द्या, म्हणजे कंपायलर तो भाग जोडून घेतो. उपाय वेडाच आहे, पण चालतो.

एका पाटावर दोघं

आता "मल्टिपल डेफिनिशन". मेसेजमध्ये "फर्स्ट डिफाइन्ड हिअर" असं म्हणून पहिला माणूस कुठे बसलाय तेही सांगितलेलं असतं, त्यामुळे ही एरर वाचायला सोपी.

एक कारण म्हणजे सी फाइलच इन्क्लूड करणं. मेन.सी मध्ये गुण.एच ऐवजी गुण.सी इन्क्लूड केली आणि कमांडमध्येही दिली. सरासरी दोनदा आली. इन्क्लूड फक्त हेडरचं करायचं.

दुसरं कारण हेडरमध्येच व्हेरिएबल बनवणं. गुण.एच मध्ये "इंट एकूण = ०;" लिहिलं आणि ते हेडर दोन सी फाइलींनी घेतलं, की "एकूण" दोनदा जन्माला आलं. यावर मुलं ठामपणे सांगतात, "पण मी हेडर गार्ड लावलाय." तो इफएनडेफचा गार्ड एका सी फाइलमध्ये हेडर दोनदा येऊ नये म्हणून असतो. दुसरी सी फाइल कंपाइल होते तेव्हा कंपायलर पाटी कोरी करून बसतो, त्याला मागच्या फाइलमध्ये हेडर आलं होतं हे आठवतच नाही. गार्ड हवाच, पण तो या दुखण्याचं औषध नाही. औषध असं: हेडरमध्ये "एक्स्टर्न इंट एकूण;" एवढीच घोषणा, आणि "इंट एकूण = ०;" कोणत्याही एकाच सी फाइलमध्ये. ते एक विसरलात तर पाट रिकामा, पुन्हा अनडिफाइन्ड रेफरन्स.

जुन्या व्हिडिओत हेडरमध्ये नुसतं "इंट एकूण;" लिहिलेलं असतं आणि तिथे ते चालताना दिसतं. खोटं नाही ते. किंमत न दिलेलं असं व्हेरिएबल दोन फाइलींत आलं तर जीसीसी पूर्वी दोन्ही मिळून एक समजून घेत असे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ही सवलत मुळात बंद आहे.

फंक्शनचा अख्खा मजकूर हेडरमध्ये लिहिला तरी असंच होतं. त्यावर कोणीतरी "इनलाइन लाव" सांगतं, आणि मग सीमध्ये उलटीच गंमत होते: नुसतं इनलाइन लावलेलं फंक्शन कधीकधी सापडतच नाही. हेडरमध्ये छोटं फंक्शन ठेवायचंच असेल तर स्टॅटिक इनलाइन असं दोन्ही लिहा.

नावापुढे कंस दिसला तर

मेसेजमध्ये नुसतं 'बेरीज' ऐवजी 'बेरीज(इंट, इंट)' असं प्रकारांसकट दिसतंय? मग ती फाइल सी++ म्हणून कंपाइल झाली. फाइलच्या शेवटी .सीपीपी आहे का बघा, किंवा जीसीसीऐवजी जी++ वापरलंय का. सी++ फंक्शनच्या नावात प्रकारही गुंफून टाकतं, सी तसं करत नाही, आणि लिंकरला दोघांची ओळख पटत नाही. सगळ्या फाइली .सी करा. ऑब्जेक्ट फाइली जुन्या राहिल्या असतील तर त्या पुसून पुन्हा कंपाइल करा. मेकफाइल वापरत असाल तर मेक क्लीन.

परमिशन डिनाइड

"कॅनॉट ओपन आउटपुट फाइल ए.इएक्सइ: परमिशन डिनाइड" ही नावांची भानगडच नाही. मागच्या वेळी चालवलेला प्रोग्राम अजून मागे कुठल्या तरी काळ्या खिडकीत स्कॅनएफवर तुमची वाट बघत बसलाय, आणि चालू प्रोग्रामची फाइल विंडोज बदलू देत नाही. ती खिडकी बंद करा. सापडत नसेल तर टास्क मॅनेजरमधून संपवा. व्हिज्युअल स्टुडिओत हाच प्रकार एलएनके११६८ म्हणून येतो.

तरीही कळलं नाही तर एनएम

मी हे साधन दुसऱ्या वर्षाला शिकवायचे, आता पहिल्या महिन्यातच दाखवते. ऑब्जेक्ट फाइल उघडून आतली नावं दाखवणारी एनएम नावाची कमांड जीसीसीबरोबर मिळते. आधी प्रत्येक फाइल -सी लावून वेगळी कंपाइल करा, मग एनएम मेन.ओ आणि एनएम गुण.ओ. प्रत्येक नावाआधी एक अक्षर येतं. यू म्हणजे "मला हवंय, माझ्याकडे नाही". मोठा टी म्हणजे "हे फंक्शन माझ्याकडे आहे, कोणीही वापरा". लहान टी म्हणजे आहे, पण स्टॅटिक असल्याने घराबाहेर द्यायचं नाही. व्हेरिएबलसाठी डी किंवा बी.

मेन.ओ मध्ये 'बेरीज'समोर यू दिसलं, की दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये त्याच नावासमोर मोठा टी असायलाच हवा. लहान टी निघाला तर कोणीतरी फंक्शनला स्टॅटिक लावलंय. टीच नसेल तर मजकूर लिहिलेलाच नाही, किंवा इफडेफच्या आत अडकलाय. आणि एका ठिकाणी जे, दुसऱ्या ठिकाणी झेड असेल तर दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं. दोन फाइलींत मोठा टी असेल तर मल्टिपल डेफिनिशनही उलगडली.

जाता जाता: सीच्या जुन्या फंक्शनांची नावं एसटीआरसीपीवाय, एसटीआरसीएमपी अशी तुटकी का, याचंही उत्तर लिंकरकडेच आहे. १९८९ च्या प्रमाणानुसार फाइलीबाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली ६ अक्षरंच वेगळी ओळखली जातील एवढीच खात्री होती, तीही लहान-मोठा भेद न धरता, कारण तेव्हाचे काही लिंकर त्याहून जास्त बघतच नसत. १९९९ मध्ये ही मर्यादा ३१ वर नेली. तेव्हा तुम्ही 'सर्वविषयांचीसरासरी' असं नाव खुशाल द्या, फक्त दोन्हीकडे एकच स्पेलिंग.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं ठरवलंत, तर मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवू नका. मजकूर कॉपी करा: तुम्ही दिलेली पूर्ण कमांड, पहिल्या वॉर्निंगपासूनचा सगळा मेसेज, आणि फोल्डरमध्ये कोणत्या फाइली आहेत त्यांची यादी. बटण दाबून चालवत असाल तर कमांड टर्मिनलच्या खिडकीत सगळ्यात वरच्या ओळीत उमटलेली असते. विद्यार्थ्याला ती कॉपी करायला सांगितली, की अर्ध्या वेळा तोच म्हणतो, "अरेच्चा, यात गुण.सी नाहीच आहे."